चुन्याच्या पाण्यातले हात

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही बाबांना विचारताना मी ऐकलं की, आजीच्या फाटकाशी लोक कशाला उभे राहतात. "आजारी माणसं येतात," एवढंच सांगून त्याने विषय बदलला. तुम्हाला वाटलं असेल, आजी डॉक्टर आहे. मी आयुष्यभर रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि औषधातलं मला तापाच्या गोळीपलीकडे काही कळत नाही. म्हणून हे नीट लिहून ठेवते. मराठी अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. तो टाळाटाळ करील, पण सोडू नका.

तुमच्या पणजीला आम्ही सगळे माय म्हणायचो. मायच्या हाताला कावीळ उतरवण्याचा गुण आहे असं लोक मानत. इकडे छत्तीसगढात तिला पीलिया म्हणतात, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी गढूळ आलं की बीरगांवच्या वस्त्यांमध्ये ती हमखास येते. मग सकाळपासून आमच्या व्हरांड्यात माणसं बसलेली असायची. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले, डोळे हळदीसारखे झालेले. रोगी उपाशीपोटी पाटावर बसायचा. समोर पांढरं इनॅमलचं भांडं, त्यात पानाला लावायचा चुना कालवलेलं पाणी. माय त्याचे हात कोपरापासून बोटांपर्यंत खाली खाली पुसत आणायची, पुन्हा पुन्हा, आणि पाणी हळूहळू पिवळं व्हायचं. ते पाणी पेरूच्या झाडाशी ओतायचं. रोग्याने पैसे द्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, 'येतो' म्हणायचं नाही, सरळ उठून जायचं.

यात मंत्र नव्हता. पूर्वी होता म्हणे. हा हात सासूकडून सुनेकडे येतो, मुलीकडे जात नाही, कारण मुलगी दुसऱ्या घरी जाते. मायच्या सासूने भंडाऱ्याकडे धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर मंत्रही सोडून दिला. हात तेवढा राहिला. म्हणून माय सगळं मुक्याने करायची. तुमच्या आजोबांना याचा फार संकोच. ते विहाराच्या समितीवर होते. एकदा ते म्हणाले, "मी तिथं अंधश्रद्धेवर भाषण देऊन राहिलो, अन् माह्या घरी हे."

माय म्हणाली, "तू दे न भाषण. मी कुठं काही बोलून राहिली?"

पाणी पिवळं कसं होतं हे मला लग्नानंतर लवकरच समजलं. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात हात बुडवला की पिवळा रंग उतरतो, त्याला रोगी असावा लागत नाही. मायच्या खोलीच्या कोनाड्यात सालीचा चुरा ठेवलेला असायचा, तिने तो कधी लपवलाही नाही. मी तिला विचारलं तेव्हा ती रागावली नाही.

"पाणी पिवळं होते ते त्यायले दिसावं म्हणून, सूनबाई. आतमंदी काय होते ते मले बी दिसत नाही."

मी म्हटलं, मग करता कशाला? तर ती म्हणाली, हात आहे म्हणून.

पुढे ती खूप थकली आणि अंथरुणाला लागली. एका सकाळी तिने भांडं मागितलं, पाणी मागितलं, चुना मागितला. मला वाटलं हिला सवयीने आठवण झाली, हात धुवायचे असतील. मी भांडं तिच्या मांडीवर धरलं. तिने माझे दोन्ही हात धरून पाण्यात घातले आणि वर आपले ठेवले. पाणी स्थिर होईपर्यंत तसेच ठेवले. मग सोडले. मी तिचे हात टॉवेलने कोरडे केले, माझे केले, टॉवेल दोरीवर टाकला आणि डाळ शिजत ठेवायला गेले. दारात आमची काम करणारी बाई झाडू घेऊन उभी होती. ती इथलीच, छत्तीसगढी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दे दिस न दीदी," ती म्हणाली. दिलं तुम्हाला. "अब तुँहर हाथ म हे."

काय दिलं हे मला तेव्हा कळलं, टॉवेल वाळत घातल्यावर. मी खोलीत परत गेले, पण माय भिंतीकडे तोंड करून झोपली होती. त्यानंतर ती या विषयावर एक शब्द बोलली नाही, आणि पावसाळ्याच्या आधी गेली.

बाईने सगळ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात लोक माझ्याकडे येऊ लागले. मी प्रत्येकाला फाटकातच सांगायची, रक्त तपासा, पाणी उकळून प्या, सरकारी दवाखान्यात जा. काही जायचे, काही तिथेच बसून राहायचे, जणू मी थोड्या वेळाने विचार बदलणार आहे. तुमचे आजोबा तोवर राहिले नव्हते. एवढ्या मोठ्या घरात मी आणि फाटकाबाहेर बसलेली माणसं. ती हाक मारत नसत, मी खिडकीतून पाहिलं की फक्त वर बघत.

त्यांतच एक दिवस बीरगांवची एक बाई मुलीला घेऊन आली. आमच्यासारखीच विदर्भातून आलेली माणसं, नवरा रोलिंग मिलमध्ये. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. डोळ्यांचा पांढरा भाग उरला नव्हता. ती व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती आणि तळहात खांबावर घासत होती, खाज सुटल्यासारखी.

गरोदरपणात कावीळ किती वाईट हे मला ठाऊक होतं. आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका त्यात गेली होती. मी त्या आईला सांगितलं, आत्ता, या क्षणी हिला मोठ्या दवाखान्यात न्या. ती म्हणाली, नेईन, पण आधी हात लावा. जावेच्या मुलीला असंच दवाखान्यात नेलं होतं आणि ती परत आली नाही. "मायचा हात लागला असता त वाचली असती पोट्टी. तुमी लावा, मंग तुमी म्हणसान तिथं नेतो."

मी पुष्कळ सांगितलं. ती ऐकत नव्हती, आणि मुलीला उभं राहवत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, लावते, पण इथून सरळ दवाखान्यात जायचं. कामाच्या बाईला ऑटो बोलवायला पाठवलं आणि भांडं काढलं. सालीचा चुरा मी हाताला लावला नाही. पाणी पांढरंच राहील, राहू दे. खोटं करायचं नाही एवढंच माझ्या मनात होतं.

मुलगी पाटावर बसली. मी तिचे हात पाण्यात घेतले. ते कढत होते आणि थोडे तेलकट लागले. मी मायसारखं कोपरापासून खाली पुसत आणलं. बोटांपर्यंत आले तोच तिच्या नखांतून आणि तळहाताच्या रेषांतून रंग सुटू लागला. पिवळा नाही. लाल. आधी धाग्यासारखा, मग सगळ्या पाण्यात.

मला त्या क्षणीच कळलं. तळहाताला खाज सुटते म्हणून आईने तिला हळद आणि तेल चोळलं होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात. तो वास माझ्या नाकाशी होता. एक वाक्य सांगायचं होतं.

पण त्या आईने भांड्यात पाहिलं आणि तोंडावर पदर दाबला. एका शब्दाने तिने वाद घातला नाही. मुलीला काखेत धरून उठवलं, फाटकाकडे ओढत नेलं, ऑटोत घातलं आणि गेली. मी बोलले असते तर ती थांबली असती. कदाचित म्हणाली असती, मग पुन्हा करा, नीट करा. म्हणून मी गप्प बसले. पाणी पेरूच्या झाडाशी ओतलं तेव्हाही ते लालच होतं.

मुलगी वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर तीही गेली असती. मूल मात्र पोटातच गेलं होतं.

महिनाभराने आई एकटी आली. फाटकाच्या आत आली नाही. म्हणाली, "तुमाले पाण्यात दिसलं होतं. तुमी बोलल्या नाही, पण दिसलं होतं." मी तिला सांगायचा प्रयत्न केला, हळद होती ती, हळद. ती मान हलवत राहिली. तिला वाटलं मी तिची समजूत घालते आहे. जे पाण्यात आधीच दिसलं ते कोणाला टाळता आलं नसतं, अशी तिने मनाची समजूत करून घेतली होती, आणि मी ती मोडायला निघाले होते. तिने मला हात जोडले नाहीत. आभार मानायचे नसतात हे ती विसरली नव्हती.

तेव्हापासून कावीळ झालेली माणसं येतातच, पण पाऱ्यातल्या पोटुश्या बायका आमच्या फाटकासमोरून जात नाहीत. रस्त्याच्या पलीकडून जातात, पदर पुढे ओढून. एकीला मी बाजारात हात धरून खड्डा ओलांडायला मदत केली, तर तिचा चेहरा पांढरा पडला. ते भांडं मी माळ्यावर टाकलं. काही दिवसांनी ते अंगणातल्या नळाखाली स्वच्छ घासलेलं दिसलं. बाईला विचारलं तर म्हणते, "मैं नइ निकाले हंव, दीदी." मी पुन्हा वर ठेवलं. पुन्हा खाली आलं. बाई खोटं बोलते असं मी ठरवून टाकलं आहे, कारण दुसरं काही ठरवलं तर मला या घरात राहता येणार नाही. दुपारी घर शांत असतं तेव्हा मला कधी कधी माझ्या हातांवर दुसऱ्या हातांचं वजन जाणवतं. मी पुस्तक उलटं ठेवून हात मांडीवर घेते आणि ते जाईपर्यंत बसते.

यंदा मार्चमध्ये ती मुलगी आली. एकटी, आईला न सांगता. अंगावर थोडी भरली होती. तिच्या पिढीच्या पोरी मराठी समजतात पण बोलतात हिंदीतच. तिने सांगितलं, पाचवा लागला आहे, दवाखान्यात नाव घातलंय, सोनोग्राफी झाली, ठोके नीट आहेत. सगळं चांगलं आहे, पण मूल हलल्याचं तिला अजून जाणवलं नाही. तिच्या नणंदेला चौथ्यातच जाणवलं होतं. तिला माझ्या हातात हात द्यायचा होता.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. वाटीत हळद घेतली, चुन्याचं पाणी घातलं, ती लाल झाली. म्हटलं, "बघ. त्या दिवशी एवढंच झालं होतं. मला काही दिसलं नव्हतं."

ती वाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मुझे मालूम था, आंटी. हल्दी तो माँ ने मेरे ही हाथ में लगाई थी."

मी विचारलं, मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?

"बोलती तो माँ अस्पताल ले जाती क्या?"

त्या भांड्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकच गोष्ट जाणून गप्प बसलो होतो. मी म्हटलं, सगळं माहीत आहे, तर आता माझ्याकडे कशाला आलीस?

तिने वाटी हाताने बाजूला सारली. मग म्हणाली की त्या दिवशी पाण्यात हात होते तेव्हा ते मूल हललं होतं. जोरात, बाजूला वळल्यासारखं. "आपने पकड़ा था तब तक था, आंटी. ऑटो में बैठी, उसके बाद नहीं हिला."

डॉक्टरांनी तिला कारणं सांगितली होती आणि ती तिला पटलीही होती. ती कारणांसाठी आली नव्हती.

मी भांडं आणलं. ते नळाखालीच होतं. चुना घातला नाही, नुसतं साधं पाणी. आम्ही दोघी व्हरांड्यात खाली बसलो, पाट न घेता. तिने हात पाण्यात ठेवले, मी वरून माझे ठेवले. पुसले नाहीत, हलवले नाहीत. पाण्यावर उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ येऊन बसत होती. रस्त्याने ट्रक गेले, पाणी थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं. माझी बोटं गार पडली. तिची पडली नाहीत. माझ्या पाठीमागे कोणी तरी उभं आहे असं मला सारखं वाटत होतं, पण मी मान वळवली नाही, कारण वळवली असती तर हात सुटला असता.

ऊन पायरीवर आलं तेव्हा तिचा श्वास मध्येच थांबला.

"हिला," ती म्हणाली.

मी पाण्यात पाहिलं. पाणी पाण्यासारखंच होतं. ती डोळे मिटून बसली होती, आणि तिने हात काढेपर्यंत मी माझे काढले नाहीत.