न तापणारी गाडी: गिरगाव ते चिंचपोकळी, व्हाया फ्रीवे

लोक प्रवासवर्णनं लडाखची लिहितात. मी गिरगावातून निघून चिंचपोकळीला जाऊन आले, त्याचं लिहितेय. ज्यांच्या घरी पंधरा वर्षांची गाडी आणि तिच्यावर जीव असलेलं एखादं माणूस आहे, त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी लालबागच्या मसाल्यापुरतं वाचलं तरी चालेल.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे, गुहागरजवळच्या आमच्या गावी. आईनं सांगून टाकलं, जाईन तर ह्यांच्याच गाडीतून. भाऊ म्हणतो, गाडी विकून टाक, मी नवी पाठवतो. कारण गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. गिरगावातल्या गॅरेजवाल्यानं यंत्र लावून कोड वाचला: पी-०१२८. म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाही. मुंबईत गाडी तापत नाही ही तक्रार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. त्यानं तापमानाचा सेन्सर बदलला, मग त्याची वायर बदलली, दोन्ही वेळा दिवा गेला आणि माझ्या पुढच्याच पहाटेच्या फेरीत परत आला. शेवटी शनिवारी सकाळी मी गाडी काढली आणि चिंचपोकळीच्या दळवी मेकॅनिककडे न्यायचं ठरवलं. आई म्हणाली, मीपण येते, मसाला संपलाय.

गिरगावातून निघायचं तर नऊच्या आत निघा, नंतर लॅमिंग्टन रोडपासूनच अडकाल. लालबागला गाडी लावायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नका. मी आईला मिरचीच्या दुकानासमोर उतरवलं आणि पुलाखालून घिरट्या घातल्या. मिरची कुटणाऱ्या डंखाच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं, पण आईला तिथं जरा तरतरी येते. बेडगी किती, संकेश्वरी किती, यावर तिनं दुकानदाराशी नेहमीसारखा वाद घातला. मसाला कुटून मिळाल्यावर आम्ही चिंचपोकळी गाठली.

दळवींचं गॅरेज म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. माणूस साठीचा, मूळचा मालवणकडचा. त्यांनी गाडी अर्धा तास चालू ठेवली, गल्लीतून चक्कर मारली. काटा हळूहळू मधोमध आला, दिवा काही पेटेना.

"हिका काय झाला नाय," ते म्हणाले. "तुम्ही गाडी कुठं चालवता, ताई?"

"पहाटे. बॅटरी उतरू नये म्हणून फ्रीवेवर नेते."

"मग चला फ्रीवेवर."

रे रोडवरून गोदीच्या भिंतीकडेनं खाली येऊन फ्रीवे धरला. या रस्त्यावर एकदा तरी नक्की जा, मुंबईत इतकं आकाश दुसरीकडे दिसत नाही. मी वेग धरला आणि काटा खाली जाऊ लागला. वडाळ्याच्या अलीकडे पिवळा दिवा पेटला. गर्दीत शहाणी, मोकळ्या रस्त्यावर वेडी. आई मागून म्हणाली, "माणसांतही असतात असे."

दळवींनी परत फिरायला सांगितलं.

"थंड होऊ दे पुरती," परत आल्यावर ते म्हणाले. "मगच कळंल."

तेवढ्यात आम्ही टॅक्सीनं दादरला जाऊन जेवून आलो. थालीपीठ आणि पियूष, दोघींचे मिळून चारशेच्या आत. आईनं अर्धंच खाल्लं. गाडीचं काही झालं नाही तर गावाला जाणार नाही, एवढंच एकदा म्हणाली.

परतलो तेव्हा दळवींनी बॉनेट उघडून ठेवलं होतं. त्यांनी गाडी चालू केली आणि माझा हात रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवला. "बघा. इंजिन गरम होईस्तवर हा थंडगार राहायला हवा. मधला वॉल्व पाणी अडवतो. हा तर आत्ताच कोमट झाला." मग त्यांनी इंजिन बंद करून पाइप सोडवला, दोन बोल्ट काढून आत टॉर्च मारला. "वॉल्वच नाय आत. कुणीतरी काढून टाकलाय."

"ह्यांनी काढायला लावला," आई म्हणाली.

ती गॅरेजच्या स्टुलावर बसली होती, मसाल्याची पिशवी मांडीवर.

"माझी केमो चालू होती तेव्हा. वैशाख होता. परळच्या पुलावर गाडीतून वाफ आली नि बंद पडली. मी कठड्याला धरून ओकत होते. हे एका हातानं मला धरून, एका हातात छत्री. मागं सगळे हॉर्न वाजवतायत. मला टॅक्सीनं घरी सोडलं आणि परत गाडीकडे गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, आता ही कधी तापायची नाही."

दळवी मान हलवत म्हणाले, "पूर्वी सगळेच काढायचे, वहिनी. पाणी सारखं फिरतं, गाडी तापत नाय. मीपण खूप काढले. गर्दीत चालून जातं. पण गावापर्यंत न्यायची तर बसवा. थंड इंजिन पेट्रोल पितं, आतून झिजतं."

"नाही बसवला तर?"

"चालंल. दिवा पेटत राहील."

"मग राहू दे पेटत."

मला रागच आला. सकाळपासून वणवण करून उत्तर हाती लागलं होतं आणि ही नको म्हणत होती. पण तिचा हात पिशवीवर घट्ट आवळलेला दिसला आणि राग गेला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, तू आजारी होतीस म्हणून त्यांनी काढला. आता तू बरी आहेस."

तिनं उघड्या बॉनेटकडे पाहिलं. मग दळवींना म्हणाली, "तापणार नाही ना घाटात?"

"रेडिएटर साफ करून देतो, पंखा तपासून देतो. तरी काट्यावर नजर ठेवा."

"काट्याकडे मी बघणार," आई म्हणाली. "बसवा."

वॉल्व, कूलंट, मजुरी धरून दोन हजारांच्या आसपास गेले. तुमच्या गाडीला हाच कोड आला, तर सेन्सर बदलण्याआधी आत वॉल्व आहे का ते पाहा.

घरी सरळ न जाता फ्रीवेला वळसा घातला. या वेळी आई पुढं बसली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. काटा चढत गेला. तिनं बाहेर एकदाही पाहिलं नाही. मधोमध येऊन काटा थांबला, मोकळ्या रस्त्यावरही तिथंच राहिला, आणि आई रडायला लागली. बाराव्या-तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. मला गाडी बाजूला घ्यायची होती, पण फ्रीवेवर थांबायला मनाई आहे. मी चालवत राहिले.

दिवा त्यानंतर पेटलेला नाही. भावाला कळवलंय, गाडी विकायची नाही. बाबांना गाडीतलं काही कळत नाही असं आम्ही दोघं म्हणायचो, आणि खरंच कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की हिला पुन्हा रस्त्यात उन्हात उभं राहावं लागता कामा नये.

रात्री मसाला बरणीत भरताना आईनं मला बजावलं, "परशुराम घाटात मी सांगेन तिथं गाडी थांबवायची. तापली नसली तरी. तुला जरा सावलीत बसायला मिळेल."