शंका आली तर मधला पर्याय

आमचे दाजी अनंतराव म्हणजे लातूरचे नामांकित मास्तर, आणि ते नामांकित आहेत हे कुणी विसरू नये म्हणून चौकाचौकांत त्यांचे फोटो. भूकंपानंतर स्लॅबखाली बसायची कुणाची छाती होत नव्हती, तेव्हा दाजींनी मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं शेड टाकून क्लास काढला. पुढं जमीन हलायची थांबली, पोरं यायची काही थांबली नाहीत. दाजींची शिकवण साधी होती. हमखास येणाऱ्या प्रश्नांचे संच घोका. कडेचे पर्याय फसवायला ठेवलेले असतात, म्हणून शंका आली की मधल्यावर खूण करा. एवढ्यावर कितीतरी पोरं डॉक्टर झाली. त्यांची स्वतःची मुलगी मालविकाही नांदेडला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती.

मग सरकारनं मास्तरांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली. दाजींनी तिचाही संच पाठ केला आणि सेंटरमध्ये पहिले आले. सत्कार झाला, घरी कॉम्प्युटर आला. माझी ताई सरोजिनी म्हणाली, "आता चालवणार कोण हे?"

"चालवायचं कशाला? पास झालोय ना!" दाजी म्हणाले.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. मी रेणापूरला बँकेत. रविवारी ताईकडे आलो की मशीन उघडून भाचीचा ई-मेल वाचून दाखवायचा. त्या रविवारी मात्र वाचता वाचता मी अडखळलो.

"बाबा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला गणित शिकायचंय. फोनवर तुम्ही बोलत राहता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिलंय. तुम्हीही लिहूनच सांगा. आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मी समजेन, बाबांना मुलगी नको, डॉक्टर पाहिजे."

ताईनं पदर डोळ्यांना लावला. दाजी म्हणाले, "यज्ञेश, ऊठ. तू बाहेर बस."

"दाजी, तुम्ही सांगा, मी टाईप करून देतो की."

"परीक्षेत कुणी सांगत असतंय का? बाहेर बस म्हणलं ना!"

बसलो बाहेर. दाजी परीक्षेच्या शिस्तीतले, आधी कच्चं आणि मग पक्कं. म्हणून ई-मेलमध्ये न लिहिता त्यांनी वेगळं कोरं पान उघडलं आणि एका बोटानं टकटक सुरू केली. दुपारी ते ताईला वाचून दाखवत होते ते मी ऐकलं. खानदानाची इज्जत, लोक काय म्हणतील, चौकातल्या फोटोला काय तोंड दाखवू. पत्र कसलं, पालक मेळाव्यातलं भाषण होतं. मग दाजी पान बंद करायला गेले. मशीननं विचारलं, हे जतन करून ठेवू का? खाली येस, नो आणि कॅन्सल. हा प्रश्न काही संचात नव्हता. दाजींना शंका आली, आणि त्यांनी मधलं दाबलं. पत्र गायब.

"मशीन खराब हाय!" आतून आवाज आला. पुन्हा टकटक सुरू झाली. दुसरं पत्र आखूड होतं. बोट दुखत असावं, कारण त्यातून खानदान गेलं, फोटोही गेला. तेही बंद करताना मशीननं तोच प्रश्न विचारला आणि दाजींनी तेच उत्तर दिलं.

आता मात्र हाक आली. मी बघितलं आणि म्हणालो, "दाजी, ठेवू का म्हणून ते विचारतंय, आणि तुम्ही नको म्हणताय."

"मी कधी नको म्हणलो? मी मधलं दाबलं!"

"मधलंच नको हाय, दाजी."

दाजींचा चेहरा पडला. उन्हं उतरली होती. कच्च्याला वेळ नव्हता. त्यांनी सरळ ई-मेलच उघडायला लावला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं : "मालू, घरी ये. गणित तर गणित." आणि पाठवून दिलं.

दोन भाषणं मशीननं गिळली नसती, तर हे वाक्य दाजींच्या बोटापर्यंत कधीच आलं नसतं.

थोड्या वेळानं पोरीचं उत्तर आलं. ते दाजींनी स्वतः वाचलं.

"मामा, हे तुम्ही लिहिलंय, कळतंय मला. माझ्यासाठी केलंत, बरं वाटलं. पण बाबा काय म्हणाले, ते खरं सांगा."

"तिला सांग," दाजी म्हणाले, "मीच लिहिलंय म्हणून."

"दाजी, मी सांगितलं तरी तिला पटणार न्हाई."

दाजी उठले. खुंटीवरचा सदरा अंगात घातला, चप्पल पायात सरकवली आणि नांदेडची गाडी धरायला निघाले.

ताई मागून म्हणाली, "अहो, तिथं जाऊन तुम्ही बोलू नका. तिला बोलू द्या. तुम्ही नुसतं ऐका."

दाजी दारात थांबले. अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "किती वेळ?"