सुजाताला विचारायचं कसं

"कालचं लग्न कसं झालं?" असं कोणी विचारलं, की सुजाता म्हणायची, "झालं." पुढे एक शब्द नाही. केनवडच्या शाळेत आम्ही दोघी शिकवायचो आणि शेजारी शेजारी राहायचो. सुरुवातीला मला ती भयंकर शिष्ट वाटली. म्हटलं, बाईचं नाक फारच वर आहे.

मग एकदा तिनंच सांगून टाकलं. "मले ऑटिझम हाय. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं. काय झालं ते मले म्हाईत असते, पन 'कसं झालं' इचारलं का सारं बंद होते."

तिची माय मात्र तिला बोलतं करण्यात पक्की. भाजी निवडता निवडता विचारायची, "पंगतीत तुह्या बाजूले कोन बसलं होतं? वरनात मीठ होतं का?" आणि सुजाता जी सुटायची! कोण रुसलं, कोणाच्या साडीवर वरण सांडलं, सगळं. हसून हसून मला ठसका लागायचा.

माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली आणि एकेक जण माइकवर येऊन तिच्या आठवणी सांगू लागला. शेवटी सुजाताचं नाव पुकारलं. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "माय वावरात तूर सोंगायले जाये. तिले चहा लागे." एवढं बोलून थांबली. मंडपात कुजबुज सुरू झाली. तिचे मामा कडाडले, "सख्खी माय होती तुही! एक आठवन नाई? काहून उभी हायेस गोट्यावानी?" तिला बोलता येईना, बसताही येईना. मला रडूच फुटलं.

मी उठून तिच्याजवळ गेले. "मागच्या महिन्यात तू आन् माय बाजाराले संग गेल्या होत्या ना? मायनं काय घेतलं?"

"बोरं," ती लगेच म्हणाली. "एक चावलं आन् म्हने, किडके हायेत, तू खाऊ नोको. आन् सारे तिनंच खाल्ले."

मंडप हसला. मामा म्हणाले, "मंग आंधी काहून नाई बोलली?"

पाहुणे गेल्यावर आम्ही भांडी आवरत होतो. सुजाता म्हणाली, "माय इचारे, मंग मले दिसे. आता इचारन कोन?"

"मी इचारीन ना," मी म्हटलं, आणि लगेच विचारायला तोंड उघडलं. पण असं नेमकं विचारायला आधी थोडं तरी ठाऊक असावं लागतं, आणि ती लहान असताना त्या घरात काय काय घडलं होतं, हे मला कुठं ठाऊक होतं? ती हातातलं ताट तसंच धरून माझ्या प्रश्नाची वाट पाहत राहिली.