आईचा हलता हात

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. भाजीवाला मिरच्यांवर कोथिंबीर फुकट देतो, तेव्हासुद्धा मी ती जुडी उलटी करून बघते. म्हणूनच गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी नाशिक रोडला घरात अडकले आणि भावजय इगतपुरीहून रोज सकाळी आईचं हलतं चित्र पाठवायला लागली, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आई माझ्या धाकट्या भावाकडे असते. भाऊ रेल्वेत, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणजे आईचं सगळं भावजयीच्या हातात. आधी ती फोन लावून आईच्या कानाशी धरायची. मग रोज नवी सबब. रेंज नाही, पाऊस फार आहे, आई झोपल्यात. तिकडे पाऊस असतोच, त्यात खोटं काही नाही. पण चित्र बरं येतं, आणि फोन तेवढा लागत नाही? चित्रात आई खिडकीशी खुर्चीत बसलेली. हसते, हात हलवते. पुन्हा हसते, पुन्हा हात हलवते. आवाज मात्र मुळीच नाही.

"हे कसं करतात हो?" मी ह्यांना विचारलं. सकाळी ग्रुपवर ह्यांचा तोच उद्योग असतो.

"सोपं आहे. व्हिडिओचा पाच-सहा सेकंदांचा तुकडा कापायचा, वर जीआयएफचं बटण येतं, ते दाबायचं. आवाज जातो आणि तोच तुकडा फिरत राहतो."

"म्हणजे आवाज काढलाय. मुद्दाम."

"अगं, सहज करत असेल."

"रोज सहज? आणि त्या पाच सेकंदांच्या आधी काय झालं? नंतर काय झालं?"

"चहा निवतोय तुझा," हे म्हणाले.

पाणी कुठेतरी मुरत होतं. मी चित्र बोटांनी मोठं करकरून आईचं मनगट बघायची, कुठे वळ आहे का. नव्हता. नखं कापलेली, वेणी नीट घातलेली. वेणी इतकी नीट कशी? फोटोपुरती घातली असणार, असं म्हणून मी तेही भावजयीच्या खात्यावर मांडलं.

मग एके दिवशी जे चित्र आलं, त्यात आई हसत नव्हती. माझ्याकडे बघत नुसता हात हलवत होती, बोटं खाली, बोटं वर. ये, ये, ये. मी मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला आणि पुन्हा सुलटा केला, तरी हात चालूच. माझी आई मला बोलावत होती आणि ही बया तिचं तोंड बंद करून मला पाठवत होती! मी ओट्याला धरून ढसाढसा रडले.

डॉक्टरांनी जिने चढायची परवानगी दिली, त्याच आठवड्यात मी काठी घेऊन, कुणाला न कळवता, सकाळच्या गाडीने इगतपुरी गाठली. दार भावजयीनंच उघडलं. हात कणकेचे, आणि मला बघून तोंड उतरलेलं. पकडली, मी मनात म्हटलं.

"ताई! अहो, आधी बसा तरी. पाणी आणते."

"पाणी नको. तुझा फोन दे. आई मला हातानं बोलावत होती, त्यातला आवाज कुठाय?"

तिनं वाद घातला नाही. हात धुतले, पदराला पुसले, फोनमध्ये शोधून तो हाताचा व्हिडिओ लावला आणि माझ्या हातात दिला. अख्खा होता, आवाजासकट.

त्यात तिनं माझा फोटो आईसमोर धरला होता. "आई, ह्या कोण? ओळखा बघू." आई फोटो निरखत राहिली. "ताई आहेत. तुमची लेक. रोज विचारतात तुम्हाला."

मग आईचा आवाज, अगदी खणखणीत. "मला नाही लेकबीक. कोण बाई ही? घरात घेऊ नकोस तिला." आणि हात. जा, जा. तोच हात, तीच बोटं. तुकडा सारखा फिरत राहिल्यावर जा कुठलं आणि ये कुठलं, हे मला कळलंच नव्हतं.

"बरं, राहू दे. लाडू खाता?" भावजयीचा आवाज. आणि आई हसली. म्हणजे ते सगळं हसू लाडवाचं होतं.

मी मागचे व्हिडिओ बघत गेले. सगळ्यांत माझा फोटो. "रोज विचारतेस?"

"हो. एखाद्या दिवशी ओळखतील. तो आवाजासकट पाठवायचा, असं ठरवलं होतं." तिचे डोळे भरले. "हे कसं पाठवू, ताई?"

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. आत खिडकीशी आई बसली होती. वेणी घातलेली. मी समोर उभी राहिले. तिनं मला काठीपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बस बाई. पाय दुखत असतील. कुणाकडे आलीस?"

"तुमच्याकडेच," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी आईला अहो-जाहो केलं.

अजूनही रोज सकाळी चित्र येतं. मी आधी वेणी बघत नाही, मनगटही बघत नाही. आधी बघते, आवाज आहे का.