कार्यक्रमाआधी लिहिलेली बातमी

“हे कुणी पाहिलंय?” असं विचारत ताई पेनचं टोपण जाहिरातीच्या मजकुरातल्या एखाद्या शब्दावर ठेवायच्या. टोपण ठेवलं की तो शब्द गेलाच म्हणून समजायचं. ‘नाशिकमधील सर्वोत्कृष्ट’ असंच गेलं, ‘जागतिक दर्जाचे’ही गेलं. ‘स्वप्नपूर्ती’वर तर त्यांचा खास राग होता.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला. इमारतींचं डिझाइन आम्हीच करायचो आणि बांधकामही. मी तिथला आर्किटेक्ट, आणि ताई प्रसिद्धी सांभाळायच्या. त्याआधी बरीच वर्षं त्या वर्तमानपत्रात होत्या आणि तिथली नजर त्यांनी सोबत आणली होती. आमचे मालक, म्हणजे सर, त्यांना मोठ्या हौसेने घेऊन आले आणि पहिल्याच महिन्यात चपापले. होर्डिंगसाठी सरांनी साइटवर हेल्मेट घालून, हात कमरेवर ठेवून फोटो काढून घेतला होता. ताईंनी तो नीट पाहिला आणि हेल्मेटवर दुकानाचं स्टिकर तसंच आहे, एवढंच सांगितलं. ते होर्डिंग काही लागलं नाही.

त्यांची कामाची रीत सुरुवातीला आम्हाला निव्वळ टाइमपास वाटायची. आम्ही बांधून दिलेल्या घरी त्या वर्षभराने जायच्या, चहा घ्यायच्या आणि कपडे कुठे वाळत घालता, पावसाळा कसा गेला, असं विचारत बसायच्या. परत आल्या की माझ्यासमोर खुर्ची ओढून सांगायच्या की अमुक बाईंना ओट्याशी उभं राहिलं की शेजाऱ्यांची टाकीच दिसते, काही करता येतं का बघ. मी वैतागायचो. पण जाऊन खिडकी बदलून द्यायचो, आणि मग त्याच बाई आपल्या भावाच्या बंगल्याचं काम घेऊन यायच्या. जाहिरातीने न येणारी कामं त्यांच्या चहातून येत, हे सरांनाही कबूल करावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीच्या एका ट्रस्टचं हॉस्पिटल बांधायचं निघालं. शेवटच्या दोघांत आम्ही होतो. निर्णयाची बैठक शनिवारी सकाळी अकराला होती. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं की हे काम हातचं गेलं तर दिवाळीनंतर माणसं कमी करावी लागतील. कोणती, ते बोलले नाहीत. माझं लग्न ठरलेलं होतं. त्या आठवड्यात माझं जेवणावरही लक्ष नव्हतं.

एकलहऱ्याच्या अलीकडच्या एका गावात आमची एक शाळा बांधून होत आली होती. तिचं उद्घाटन ताईंनी शुक्रवारी दुपारी चारला धरलं, म्हणजे शनिवारी सकाळी बातमी ट्रस्टच्या मंडळींच्या समोर पडेल. मी एक आठवडा मागितला. पोर्चच्या दगडी फरश्या भिंतीला धरून ठेवणारे स्टीलचे क्लॅम्प यायचे होते. “अरे, हा शनिवार पुन्हा नाही यायचा,” ताई म्हणाल्या. त्यांना असं घाईचं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग मी क्लॅम्पशिवाय, नुसत्या केमिकलने फरश्या चिकटवून घेतल्या आणि कुणाला काही बोललो नाही. पोर्च झकास दिसत होता.

आता या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तालुक्याला जाणारी पानं लवकर छापायला जातात, म्हणून कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच लिहून धाडायची असते. ताईंनी शुक्रवारी दुपारी दोनला ती धाडली: उद्घाटन उत्साहात पार पडले, पाहुण्यांनी बांधकामाच्या दर्जाचे कौतुक केले. सोबत आदल्या दिवशी काढलेला पोर्चचा फोटो.

सव्वातीनला पोर्चच्या तीन फरश्या सुटून खाली आल्या. खाली शकीलभाई पेंटर शाळेच्या नावाच्या पाटीला शेवटचा हात मारत होते. त्यांच्या पायाचा पंजा दगडाखाली सापडला. आम्ही चौघांनी दगड उचलला आणि त्यांना गाडीत घातलं. जाताना ते मलाच विचारत होते, “साहेब, पाय राहील ना?” मी हो म्हणालो. मला काय माहीत होतं?

सर आले, त्यांनी पोर्च पाहिला आणि पडदा लावायला सांगितला. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मागच्या दाराला फीत बांधा. दोन मिनिटांत उरकू. बातमी खरी होऊन जाईल.”

ताई तोवर पायरीवर बसून फोन लावत होत्या. एकेका वर्तमानपत्राला सांगत होत्या की माझी बातमी काढा, कार्यक्रम झालेला नाही, माणूस जखमी झालाय. सर त्यांच्यासमोर उभे राहून हाताने नको नको करत होते. ताईंनी मान वर केली नाही. तिघांनी बातमी काढली. चौथ्याचं इगतपुरीचं पान छापायला गेलं होतं. फोन ठेवून त्यांनी हातातल्या बातमीच्या कागदाकडे पाहिलं. “न पाहता लिहिलं मी,” एवढंच बोलल्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला, बैठकीच्या आधी इगतपुरीला चल म्हणून. सरांना कळवलं का, हे मी विचारलं नाही. घोटीच्या पुढे पावसाने समोरचं काही दिसेना. गाडीत मी क्लॅम्पबद्दल सांगण्यासाठी चार वेळा तोंड उघडून मिटलं.

ट्रस्टच्या अध्यक्ष एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. त्यांच्यासमोर तेच वर्तमानपत्र होतं. त्या हसून म्हणाल्या की तुमचं काम छान दिसतंय. ताई उभ्याच राहिल्या.

“ही बातमी मी लिहिलीय आणि ती खोटी आहे. कार्यक्रम झाला नाही. पोर्चचे दगड पडले, एका माणसाचा पाय दुखावला. तारखेची घाई मीच केली होती.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “दगड का पडले?”

“ते मला सांगता येणार नाही. बसवताना मी तिथे नव्हते,” ताई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. शेवटी मी सांगितलं की क्लॅम्प नव्हते, मला माहीत होतं, मी तसंच चिकटवून घेतलं.

काम दुसऱ्यांना मिळालं. सोमवारी सरांनी ताईंना काढलं. मला म्हणाले, तुझी चूक तांत्रिक आहे, ती सुधारता येते. दिवाळीनंतर आणखी पाच जण गेले, त्यांत मी नव्हतो. शाळेची एकूण एक फरशी मी उतरवली आणि क्लॅम्प लावून पुन्हा बसवली. ताईंना फोन करायचं रोज ठरवतो. त्या याच शहरात आहेत, पण आमच्याकडे आता त्यांचं नावही कुणी काढत नाही.

त्या शनिवारी इगतपुरीहून परतताना ताईंनी गाडी शकीलभाईंना ठेवलेल्या दवाखान्याशी थांबवायला सांगितली. त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागणार, हे वाटेत फोनवर कळलं होतं. ताई उतरल्या, पदर डोक्यावर घेऊन पावसातून दारापर्यंत गेल्या आणि तिथे वळून उभ्या राहिल्या. माझ्यासाठी थांबल्या होत्या. ट्रस्टच्या खोलीत बोललो होतो ना, मग इथे काय अवघड होतं? पण शकीलभाई पुन्हा तोच प्रश्न विचारतील, या भीतीने माझा हात दरवाजाच्या कडीवरून हलेना. काच वाफेने भरत गेली. मी ती पुसली तेव्हा दारात कुणी नव्हतं.