पूजेतला कॉम्प्युटर

माझी नात कॉम्प्युटरात विश्व बनवते. शिक्षणच तसलं हाय तिचं. आधी सगळीकडं ठिपके पसरायचे. मग ते एकमेकाला ओढतात, त्यांचे धागे होतात, गाठी होतात, गाठीत चांदण्या. ओढणारं जास्त करून दिसतच नाय म्हणे.

मी म्हणलं, "द्राक्षाच्या मांडवावानी. पाल्यात तार दिसत नाय, पण सगळा भार तिच्यावर."

"तसं नाय आजी."

"मग कसं?"

तिनं लय वेळ सांगितलं. माझी मेथी निवडून झाली.

ते मशीन रातंदिवस चालायचं, तिची खोली तापून जायची. दसरा झाला की पुण्याच्या सरांना दाखवायचं होतं. हे छोटं विश्व वेळेत निघालं तरच तिथल्या मोठ्या मशीनवर पाळी, नायतर ती दुसऱ्याला.

माझा मुलगा, तिचा बाप, अंबडला कंपनीत फिटर. खंडेनवमीला तिथं मशिनं बंद करून पुजतात, दसऱ्यापर्यंत हात लावत नाय. ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यानं घरातला मिक्सर पुजला, पाना-पक्कड पुजली, आणि कॉम्प्युटर बंद करून त्यालाबी हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

ती बाहेर आली. "पप्पा, हे काय?"

"पूजा."

"आत विश्व चालू होतं."

"त्यालाबी एक दिवस सुट्टी."

परवापर्यंतचं तेवढं आत जपलेलं होतं. तिथनं लगेच लावलं तर कसंबसं वेळेत होणार होतं. मुलगा म्हणाला, पूजेतली वस्तू आज चालवत नसतात, उद्या लाव. उद्या लावून उपयोग नव्हता. दोघं माझ्याकडं बघाय लागले.

ह्याचा बाप वारला त्या साली खंडेनवमी ऐन छाटणीत आली. बागवाला म्हणाला, आज येत असशील तर ये, नायतर दुसरी बाई बघतो. मी पूजेतनं कात्री उचलली, पाया पडले, बागेत गेले. काय झालं नाय. व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

मी माळ काढली. "लाव गं."

"आई, काय वाईट झालं म्हंजे?"

"माझ्या नावावर घाल."

तो पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "कुठवर आलं तुझं विश्व?"

"अर्ध्याच्या पुढं."

"बरं," म्हणाला, आणि पान दिलं.

वेळेत निघालं. काळ्या पडद्यावर नुसती जाळी. सरांनी पाळी दिली, ती पुण्याला गेली. घरचं मशीन बंद हाय. त्या खोलीत आता गार वाटतं.