आधी कोण बोललं

"विमलआत्या गेली रे..." दादाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला ऑफिसात होतो. दोघेही फोन कानाला धरून नुसते रडत होतो. याला आता महिना होईल. पण ती बातमी दादाने मला स्वतः फोन करून दिली, यातच आत्याचं मोठेपण आलं. कारण मध्ये तीन वर्षं आम्ही सख्खे भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

वडिलांची ही बहीण सायखेड्याला दिलेली. आसपासच्या गावांत कुणाकडे भाऊबंदकी पेटली, की आत्याला बोलावणं यायचं. दोन्ही घरचा चहा ती मिटक्या मारत प्यायची, बाजू मात्र कुणाचीच घ्यायची नाही. "निकाल पायजे तर कोर्टात जा. मी फक्त बोलायला लावते," म्हणायची. एकदा दोन जावांचा समेट करायला गेली, तर त्या दोघी मिळून तिच्यावरच उलटल्या. परत येऊन ही हसत सुटली, "एक झाल्या ना? मंग झालं की!"

आमचं भांडण निफाडजवळच्या द्राक्षबागेच्या वाटणीचं. विहीर कुणाच्या वाट्याला, यावर अडलं आणि बोलणंच तुटलं. आई दादाकडे राहायची. मी त्या घराची पायरी चढत नव्हतो, म्हणून सत्तरीची आई मला भेटायला निफाडच्या एसटी स्टँडवर येऊन बसायची. त्या बाकावर तिने आणलेले लाडू खाताना मला लाज वाटायची, पण ताठा काही सुटत नव्हता. हे कळलं मात्र, आत्या खवळलीच.

घडांमधले जादा मणी कात्रीने काढायचे, विरळणीचे दिवस होते. तिने मला दरडावून दादाच्या बागेत बोलावलं, दोघांच्या हातात कात्र्या दिल्या आणि एकाच ओळीच्या दोन बाजूंना उभं केलं. "वळ संपल्याबिगर कुनी हलायचं नाय." मध्ये गच्च पाला. दादाचं तोंड दिसत नव्हतं, कात्रीचा आवाज तेवढा येत होता... शेवटी मीच न राहवून विचारलं, "आईचा गुडघा कसाय?" पलीकडून आलं, "घरी येऊन बघ की." मग काय, तीन वर्षांचं सगळं बाहेर पडलं. समोरासमोर असतो तर कात्र्याच उगारल्या असत्या. चेहरे दिसत नव्हते, म्हणून ऐकून घेता आलं. ओळ संपली तोवर विहीर दोघांची आणि पाणी एक दिवसाआड, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. आत्या माझ्या घडांकडे बघत एवढंच म्हणाली, "पार बोडके केलेस रे!" त्या दिवशी मी दादाकडे जेवलो. आई वाढतच राहिली.

परवा हे सगळं दादाच्या घरी बसून त्याला वाचून दाखवलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाकी बरोबर हाय. पन आधी मी बोललो व्हतो, तू नाय." मी म्हटलं, मीच. तो म्हणे, आईची शपथ. बघता बघता आवाज चढले. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "भांडता काय, आत्याला विचारा ना!"

...आणि तिघेही गप्प झालो.

मग दादा म्हणाला, "लिहून टाक, दोघं एकदमच बोललो म्हनून."

मला अजूनही खात्री आहे की आधी मीच बोललो होतो. तरी लिहितो : आम्ही दोघं एकदमच बोललो.